कुलपतींची खुर्ची

विद्यापीठाच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्यास मराठीत 'कुलपती' म्हणतात आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यास 'कुलगुरू'. हिंदीत आपल्या कुलपतींना 'कुलाधिपति' म्हणतात, तर बंगालीत या दोन पदांना 'आचार्य' आणि 'उपाचार्य' अशी नावे आहेत. दहा हजार मुनींचे अन्नदानाने पोषण करून त्यांना शिकवणारा तो कुलपती, अशी जुनी संस्कृत व्याख्या आहे. 'शाकुंतला'तील कण्व या अर्थाने कुलपती आहेत. आधुनिक विद्यापीठातील कुलपतिपदाचा मात्र शिकवण्याशी संबंध नाही, आणि तो आरंभापासूनच नव्हता.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईत गव्हर्नर आणि कलकत्त्यात गव्हर्नर जनरल हे पदसिद्ध कुलपती ठरले. ऑक्सफर्डचा कुलपती तेथील पदवीधर निवडतात; येथे शासनाचा प्रमुख तोच विद्येचा प्रमुख, अशी सोय झाली. वर्षातून एकदा झगा घालून मंचावर बसायचे, भाषण करायचे आणि पदव्या द्यायच्या, असे या पदाचे दर्शनी रूप होते. परंतु समारंभ हीदेखील एक भाषा असते. पदवी कोणाच्या हातून मिळते, यावरून ती देणारी सत्ता कोणाची हे विद्यार्थ्याला आपोआप कळते. कलकत्ता विद्यापीठाच्या इतिहासातील तीन प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रसंग फेब्रुवारी १९०५ मधला. कुलपती लॉर्ड कर्झन यांनी पदवीदानाच्या भाषणात, सत्याचा सर्वोच्च आदर्श ही बऱ्याच अंशी पाश्चात्त्य कल्पना आहे, असे प्रतिपादन केले. समोर बसलेल्या पदवीधरांना प्रत्युत्तराचा अधिकार नव्हता. उत्तर आले ते वृत्तपत्रातून. भगिनी निवेदितांनी कर्झन यांच्याच पूर्वेकडील प्रवासावरील पुस्तकातला एक उतारा शोधून काढला. कोरियातील एका अधिकाऱ्यावर छाप पडावी म्हणून तेहतीस वर्षांच्या कर्झन यांनी आपले वय चाळीस सांगितले होते, आणि हे त्यांनी स्वतःच मोठ्या कौतुकाने लिहून ठेवले होते! 'अमृत बझार पत्रिके'ने तो उतारा छापला. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली, आणि त्या चळवळीत विद्यार्थी आघाडीवर होते हे सर्वज्ञात आहे.

दुसरा प्रसंग १९२३ चा. तोपर्यंत कलकत्ता विद्यापीठाचे कुलपतिपद बंगालच्या गव्हर्नरकडे आले होते. कुलपती लॉर्ड लिटन यांनी सर आशुतोष मुखर्जी यांच्यापुढे कुलगुरूपदाची आणखी एक मुदत ठेवली. अट अशी की त्यांनी सरकारला विरोध करू नये. आशुतोषांनी अत्यंत कठोर शब्दांत पत्र लिहून ते पद नाकारले. कुलगुरूची नेमणूक ज्याच्या हाती असते त्याला रोजच्या कारभारात ढवळाढवळ करण्याची गरजच पडत नाही, हे या पत्रव्यवहारातून उघड झाले.

तिसरा प्रसंग ६ फेब्रुवारी १९३२ चा. पदवी घेण्यासाठी आलेल्या बीना दास यांनी पदवीदान समारंभातच कुलपती आणि गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पिस्तूल झाडले. जॅक्सन बचावले, बीना दास यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. हिंसेचे समर्थन येथे करावयाचे नाही. पण बीना दास यांनी निवडलेली जागा विचार करायला लावते. मंचावरच्या झग्याआड गव्हर्नर आहे, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. त्यांची अडवून ठेवलेली पदवी विद्यापीठाने २०१२ साली, त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी, प्रदान केली.

स्वातंत्र्यानंतर गव्हर्नराच्या जागी राज्यपाल आले आणि ही व्यवस्था बहुतेक राज्य विद्यापीठांत तशीच चालू राहिली. राज्यपाल पक्षीय राजकारणापासून दूर असतील, त्यामुळे विद्यापीठाला मंत्रालयापासून संरक्षण मिळेल, असा त्यामागील युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. तरीही राज्यपालांवर अशी घटनाबाह्य पदे लादू नयेत, असे पुंछी आयोगाने २०१० साली सुचवले. केरळ, पश्चिम बंगाल आणि तामिळनाडू येथे २०२२ मध्ये या अधिकारांबाबत विधेयके आली. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे आणि कुलगुरूपदासाठी दोन नावे सुचवण्याचा अधिकार शासनाला देणारे विधेयक मंजूर झाले. सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ते मागे घेतले गेले.

या साऱ्या वादात खुर्चीवर राजभवनाने बसावे की मंत्रालयाने, एवढाच प्रश्न विचारला गेला. शिक्षक आणि पदवीधर यांनी आपला कुलपती निवडावा, ही शक्यता जवळजवळ कोणी मांडलीच नाही. आम्ही प्राध्यापक दरवर्षी झगे घालून रांगेने सभागृहात जातो, राष्ट्रगीताला उभे राहतो, कुलपतींचे भाषण ऐकतो आणि परत वर्गावर येतो. समारंभाला आमचा विरोध नाही. विद्येला थोडा सोहळा शोभतो. पण ज्या शब्दात अन्नदान आणि अध्यापन होते, तो आपण पावणेदोनशे वर्षे केवळ अधिकाराला वाहिला आहे. आशुतोषांनी १९२३ मध्ये जे नाकारले, ते नाकारण्याची वेळ आली तर आपल्यापैकी कितीजण नाकारतील, हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा. खुर्चीचा निर्णय त्यानंतरचा.