पाच मे ते नऊ मे : एक वर्ष आणि चार दिवस

मराठीच्या पाठ्यपुस्तकात कवितेबरोबर कवीचा छोटा परिचय असतो. पूर्ण नाव, टोपणनाव आणि कंसात दोन सनावळ्या. मुले त्या एका गुणासाठी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मी मात्र त्याच त्या सनावळ्या वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो, तेव्हा एक गोष्ट हळूहळू डोळ्यांत भरू लागली. बालकवी १९१८. गडकरी १९१९. हरिभाऊ आपटे १९१९. रेव्हरंड टिळक तेही १९१९. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, म्हणून एकदा तारखा ओळीने मांडून पाहिल्या.

बालकवी गेले ५ मे १९१८ ला. टिळक गेले ९ मे १९१९ ला. मध्ये अंतर एक वर्ष आणि चार दिवस. एवढ्या काळात मराठीने हे चौघे गमावले आणि आमच्या नगर जिल्ह्याने (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेचे वळण लवकर मोडत नाही!) शिर्डीचे साईबाबाही गमावले.

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, मूळचे खानदेशातले, धरणगावचे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्यांनी त्याला 'बालकवी' म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. संमेलनाला टिळकही होते. पुढे हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या घरात एक ब्राह्मणाचा मुलगा राहतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तो कसा हट्ट करी, कसा रुसे, हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते एकाच कारणाने : घरात लक्ष्मीबाई होत्या आणि त्यांनी ते 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले. भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले तेव्हा त्यांना अठ्ठावीसही पूर्ण झाली नव्हती. हयातीत कवितांचे एकही पुस्तक निघाले नाही.

टिळक तेव्हा नगरात नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. आयुष्याच्या उतरणीला स्थिरस्थावर सोडून नवा डाव मांडायचा, हा त्यांचा स्वभावच. हाताखाली वाढलेला कवी आपल्या आधी गेला हे दुःख त्यांच्या वाट्याला आले आणि वर्षभराने मुंबईत तेही गेले. वय ५७. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्न होऊन आल्या तेव्हा धड वाचताही येत नव्हते!

गडकरी २३ जानेवारीला सावनेरला गेले. वय अवघे ३३, दुखणे क्षयाचे. 'भावबंधन' त्यांनी मरणाच्या दारात बसून संपवले. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. त्याच नाटकावरून २०१७ साली पुण्यात त्यांचा पुतळा उखडून नदीत टाकला गेला. शंभर वर्षांनीही एखाद्या लेखकाचा राग यावा, याला काय म्हणावे! हरिभाऊ आपटे ३ मार्चला गेले, पंचावन्नाव्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी असताना. त्यांच्या कादंबऱ्यांबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचे एक काम जास्त मोलाचे वाटते. केशवसुत १९०५ मध्येच गेले होते. त्यांच्या विखुरलेल्या कविता पुस्तकरूपाने आणल्या त्या हरिभाऊंनी. ते झाले नसते तर केशवसुत आपल्यापर्यंत कितपत पोचले असते?

साईबाबांचे तसेच. १५ ऑक्टोबर १९१८, दसऱ्याचा दिवस. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यातले साधे खेडे. देह कुठे ठेवायचा यावर हिंदू-मुसलमानांत वाद झाला आणि शेवटी बुटींच्या वाड्यात समाधी झाली. आज त्या गावाजवळ विमान उतरते. पण गोविंदराव दाभोळकर म्हणजे हेमाडपंत यांनी ओव्या लिहिल्या नसत्या तर बाबांचे बोलणे-चालणे आपल्याला इतके कळले असते का, याची शंकाच आहे.

म्हणजे बघा, ज्याच्या मागे लिहिणारे माणूस होते तो टिकला. कर्तृत्व लागतेच, नाही असे नाही. पण नुसते कर्तृत्व पुरत नाही.

हे सुचले आणि मग त्याच वर्षाची दुसरी बाजू टोचू लागली. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला. आधीच आमचा जिल्हा अवर्षणाचा, त्यात युद्धाने धान्य महागलेले. सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ गावोगाव शिरली. लोक तिला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या जनगणनेत असे एकदाच घडले आहे. नगर जिल्ह्याचीही घटलीच.

माझी आजी मानमोडीबद्दल फारसे बोलत नसे. एक जण पोचवून यावे तर घरी दुसरा आडवा, एवढेच सांगे आणि कामाला लागे. गावात साथीचा दगड नाही, पाटी नाही, तिथी नाही. २०२० साली करोना आला तेव्हा वर्तमानपत्रांनी मानमोडीची आठवण काढली, तीही मुंबईची. खेड्यांची कोण काढणार?

नोकरीत असताना एका जुन्या शाळेचे दप्तर लावायचे काम माझ्याकडे आले होते. लोखंडी पेटीत त्या सालाचे जनरल रजिस्टर निघाले, बरेचसे मोडीत लिहिलेले. शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात मुलांच्या नावांपुढे ओळीने एकच शब्द होता : मयत. मास्तरांनी टाक बुडवून एकेक नाव लिहिलेले, अक्षर कुठेही हललेले नाही. शंभरी ओलांडलेल्या शाळा जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि अशा पेट्याही असतील. मोडी वाचता येणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. ज्यांना येते त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन १९१८ ची पाने एकदा उघडावीत आणि दिसतील ती नावे बाळबोधीत उतरवून घ्यावीत. कागद फार जीर्ण झालाय, पाने जपून उलटा.