शब्दांच्या गोष्टी आणि पुरावा

निरर्थक बडबडीसाठी इंग्रजीत गमतीदार शब्द पुष्कळ आहेत. त्यांच्या जन्मकथाही तितक्याच गमतीदार असतात. त्या खऱ्या की खोट्या, हे आपण कसे ठरवायचे?

‘कॉड्सवॉलप’ हा शब्द घेऊ. गोष्ट अशी सांगतात: हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये एका बाटलीचे पेटंट घेतले. वायूच्या दाबाने आतली काचेची गोटी वर ढकलली जाऊन तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसे. आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली ती हीच. ‘वॉलप’ म्हणजे बोलीभाषेत बिअर. बिअर पिणारे सोड्याला ‘कॉडची बिअर’ म्हणून हिणवू लागले आणि शब्द रूढ झाला.

बाटली खरी, कॉडही खरा. म्हणून गोष्ट चटकन पटते. पण तारखा पाहू. शब्दकोशांनी या शब्दाची सुरुवातीची नोंद दिली आहे ती १९५९ ची, एका ब्रिटिश विनोदी मालिकेच्या संहितेतली. शब्द ऐंशीहून अधिक वर्षे लोकांच्या तोंडी होता, तर वर्तमानपत्रांत, कादंबऱ्यांत तो सापडायला नको का? शिवाय ‘वॉलप’चा बिअर हा अर्थही विसाव्या शतकातच आढळतो. तेव्हा शब्द आधी आणि गोष्ट मागाहून, असेच दिसते.

आता ‘बंकम’ पाहा. १८२० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिसुरीच्या प्रश्नावर वाद चालू होता. सदस्य मतदानासाठी उतावीळ झाले असताना फेलिक्स वॉकर भाषणाला उभे राहिले. इतरांनी थांबवू पाहिले, तेव्हा आपण बंकमसाठी बोलत आहोत असे ते म्हणाले. बंकम हा त्यांच्या मतदारसंघातला परगणा. १८२८ मध्ये हा वाक्प्रचार छापील मजकुरात दिसतो. इथे अंतर फक्त आठ वर्षांचे आहे.

‘गॉबल्डिगूक’चा पुरावा याहून भक्कम. सरकारी कागदपत्रांतल्या बोजड भाषेला वैतागून मॉरी मॅव्हरिक या अमेरिकन अधिकाऱ्याने १९४४ मध्ये तो घडवला, आणि टर्की पक्ष्याचा आवाज मनात होता असे स्वतःच सांगितले.

तिन्ही गोष्टी रंजक आहेत, पण त्यांची विश्वासार्हता सारखी नाही. मराठी शब्दांच्याही अशा कथा वर्गात निघतात. तेव्हा मुलांना एवढेच विचारायला सांगू या: शब्द प्रथम कुठे लिहिलेला सापडतो? आणि गोष्ट प्रथम कुठे? उत्तर मिळाले नाही, तर ‘माहीत नाही’ म्हणणे हेही विज्ञानच आहे.