खोळंबलेला थ्रेड

युनिक्समध्ये प्रोग्रामने ‘रीड’ हा कॉल केला की माहिती हातात पडेपर्यंत तो जागचा हलत नाही. बरीच वर्षं यात काही बिघडत नव्हतं. एक प्रोसेस थांबली तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोसेसर दुसरीला देई. खोळंबा ज्याचा त्याच्यापुरता राही.

एकाच प्रोसेसमध्ये असंख्य कामं चालवायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. प्रोग्रामिंग भाषांनी स्वतःचे हलके थ्रेड तयार केले, पण कर्नलला त्यांचा पत्ताच नव्हता. सोलॅरिसवरच्या सुरुवातीच्या जावातले ‘ग्रीन थ्रेड’ याच जातीचे. कर्नलच्या हिशेबी ते सगळे मिळून एकच थ्रेड! त्यातला एक जरी कर्नलमध्ये अडकला, तरी बाकीचे कामाला तयार असूनही ताटकळत.

१९९१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अँडरसन, बर्शॅड, लाझोव्स्का आणि लेव्ही यांनी ‘शेड्युलर ॲक्टिव्हेशन्स’ ही कल्पना मांडली. थ्रेड अडकला की कर्नलनेच भाषेच्या शेड्युलरला तसं कळवायचं. कल्पना देखणी होती, पण त्यासाठी कर्नल बदलावा लागे. नेटबीएसडीने २००४ मध्ये ती स्वीकारली आणि २००९ मध्ये सोडून दिली.

दुसरी वाट होती मुळात थांबायचंच नाही, ही. १९८३ च्या ४.२ बीएसडीमधल्या ‘सिलेक्ट’ या कॉलने ती दाखवली आणि २००९ मध्ये नोड.जेएसने ती घरोघरी नेली. पण प्रोग्रामरला सलग विचाराचे तुकडे करून ते कॉलबॅकमध्ये वाटावे लागले. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने आपली मांडणी मोडायची, हा सौदा महागच.

गो भाषेने हा सौदा नाकारला. दिमित्री व्ह्यूकोव्ह यांनी रचलेला शेड्युलर मे २०१३ मध्ये गो १.१ बरोबर आला. त्यात तीन पात्रं: जी म्हणजे गोरुटीन, एम म्हणजे कर्नलचा थ्रेड आणि पी म्हणजे गो कोड चालवण्याचा परवाना. गोरुटीन सॉकेटवर वाट पाहू लागली की तिला बाजूला ठेवतात. माहिती आल्याची हाक लिनक्सवर कर्नलच्या ‘ईपोल’ या सोयीने दिली की ती पुन्हा रांगेत येते. थ्रेड मोकळाच राहतो.

फाइल वाचताना मात्र थ्रेड खरोखर कर्नलमध्ये अडकतो. ‘सिसमॉन’ नावाचा पहारेकरी थ्रेड सतत फेरी मारत असतो. एखादा पी सिस्टिम कॉलमध्ये साधारण २० मायक्रोसेकंदांहून जास्त रेंगाळलेला दिसला आणि बाकी कामं खोळंबलेली असली, की तो पी काढून दुसऱ्या थ्रेडच्या हाती दिला जातो. अडकलेला थ्रेड परततो तेव्हा त्याचा परवाना गेलेला असतो. दुसरा मिळाला नाही, तर गोरुटीन सामायिक रांगेत सोडून तो झोपी जातो. प्रोग्रामरला यातलं काहीच दिसत नाही. त्याने लिहिलेली असते फक्त ‘रीड’ची एक साधी ओळ. या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत माणुसकीची तडजोड म्हणावी लागेल.

तरी ही तडजोडच. अडकलेले थ्रेड साचत जाऊन १०,००० च्या वर गेले, की गोचा प्रोग्राम कोसळतो. ही मर्यादा गो १.२ पासून आहे. यात दोष भाषेचा नाही. लिनक्सचा ईपोल डिस्कवरची साधी फाइल स्वीकारतच नाही. अर्लांगनेही २०१८ मध्ये फाइलींची कामं ‘डर्टी शेड्युलर’कडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडांकडे सोपवली. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ बरोबर व्हर्च्युअल थ्रेड आले, पण फाइल वाचताना त्यांच्याखालचा कर्नलचा थ्रेड आजही अडकून राहतो.