रॉजर फेडररला निरोप

श्रोतेहो, एखादा पराक्रमी खेळाडू निवृत्त झाला, म्हणजे त्याच्या विजयांची बेरीज मांडून त्याला निरोप देण्याची प्रथा आहे. स्वित्झर्लंडचा टेनिसवीर रॉजर फेडरर यानें २०२२ च्या सप्टेंबरांत रॅकेट खालीं ठेवली, तेव्हांहि ही बेरीज जगभर मांडली गेली. चार प्रमुख स्पर्धांतील एकेरीचीं २० अजिंक्यपदें, त्यांपैकीं ८ एकट्या विम्बल्डनचीं. लहानमोठ्या मिळून १०३ स्पर्धांत एकेरीचा विजय. ३१० आठवडे जगांतील पहिला क्रमांक, आणि त्यांतील २३७ आठवडे अखंड. आंकडे डोळे दिपविणारे आहेत. परंतु तो निवृत्त झाला त्या दिवशीं राफाएल नदालचीं अजिंक्यपदें २२ आणि नोव्हाक जोकोविचचीं २१ झालीं होतीं. पुढें २०२३ मध्यें जोकोविचनें आपली संख्या २४ वर नेली. बेरजेच्या शर्यतींत फेडरर निवृत्तीच्या आधींच तिसरा झाला होता. तरुण मंडळी हें आम्हांला वारंवार ऐकवितात, आणि त्यांचें गणित बिनचूक आहे. मग या तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाला निरोप देतांना आपल्या घरचेंच कोणी दूर चाललें आहे, असें इतक्या लोकांना कां वाटलें? या प्रश्नाचें उत्तर त्याच्या विजयांपेक्षां त्याच्या पराभवांच्या इतिहासांत अधिक सांपडतें, असें माझें मत आहे.

फेडररचा जन्म ८ ऑगस्ट १९८१ रोजीं बाझेल शहरीं झाला. त्याच शहरांतील स्पर्धेंत लहानपणीं तो मोठ्या खेळाडूंना चेंडू वेंचून देत असे. पुढें ज्याच्या शांतपणाचे गोडवे जगानें गाइले, तो हा मुलगा मोठा तापट होता. चूक झाली कीं ओरडावें, रॅकेट आपटावी, हरला कीं रडावें, असा त्याचा क्रम असे. त्याचा खेळ घडविणारा ऑस्ट्रेलियन शिक्षक पीटर कार्टर हा १ ऑगस्ट २००२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत मोटारीच्या अपघातांत मरण पावला. शिष्याचें एकविसावें वर्ष पुरें होण्यास तेव्हां एक आठवडा उरला होता. त्यानंतर वर्ष भरण्याच्या आंत, ६ जुलै २००३ रोजीं, त्या शिष्यानें पहिलें विम्बल्डन जिंकलें. मुलांना शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना या घटनाक्रमाचें मोल निराळें सांगावयास नको. फेडररचा शांतपणा जन्मजात नव्हता. तो त्यानें कष्टानें कमावला होता.

त्याचें नांव आमच्या घरीं प्रथम ऐकूं आलें तें २००१ मध्यें. विम्बल्डनचें अजिंक्यपद सात वेळां मिळविलेल्या पीट सॅम्प्रसला या एकोणीस वर्षांच्या मुलानें चौथ्या फेरींत पांच सेटांच्या झुंजीनंतर हरविलें. पुढें २००३ पासून २००७ पर्यंत सलग पांच वर्षें तेथील अजिंक्यपद त्याचेंच होतें. ब्यॉर्न बोर्गनें १९७६ ते १९८० या काळांत केलेल्या विक्रमाशीं ही बरोबरी होती. एका हातानें मारलेला तो बॅकहँड, ती हलकी चाल, आणि कोठेंहि घाई म्हणून नाहीं! जुलैंतल्या पावसाळी सायंकाळीं दूरदर्शनच्या पडद्यावर तें हिरवें मैदान दिसूं लागलें, कीं टेनिसमधलें ओ कीं ठो न कळणारीं माणसेंहि हातचें काम टाकून पाहत उभीं राहत.

ही मालिका तुटली ती ६ जुलै २००८ रोजीं. पावसानें दोनदां अडविलेला तो अंतिम सामना ४ तास ४८ मिनिटें चालला, आणि अंधार दाटत असतां नदालनें पांचवा सेट ९-७ असा जिंकला. २००९ च्या फेब्रुवारींत मेलबोर्न येथें पुन्हां नदालकडूनच हार झाली. बक्षीससमारंभांत फेडररला रडें आवरेना, बोलतां येईना. तो संपला, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याच वर्षीं जूनमध्यें त्यानें पॅरिसचें अजिंक्यपद जिंकलें, जें त्याला साऱ्या कारकीर्दींत एकदांच लाभलें. आणि जुलैंत अँडी रॉडिकला पांचव्या सेटमध्यें १६-१४ असें हरवून विम्बल्डन परत मिळविलें.

सर्वांत जिव्हारीं लागणारा पराभव १४ जुलै २०१९ चा. त्या दिवशीं लंडन शहरांत दोन अंतिम सामने एकाच वेळीं चालले होते: लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा, आणि विम्बल्डनला फेडरर व जोकोविच यांचा. पांचव्या सेटमध्यें ८-७ अशी आघाडी, सर्व्हिस फेडररची, आणि गुण ४०-१५. दोहोंपैकीं एक गुण मिळाला असता, तर अडतिशीच्या उंबरठ्यावर त्यानें नववें विम्बल्डन जिंकलें असतें. दोन्ही गेले. ४ तास ५७ मिनिटांनीं सामना जोकोविचचा झाला. एकंदर गुण मोजले तर फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. गुण अधिक, आणि तरी हार! नेमके मोलाचे गुण जोकोविचनें सोडले नाहींत, हा त्याचा मोठेपणा. प्रेक्षक त्या दिवशीं त्याच्या चुकांवरहि टाळ्या वाजवीत होते. लोकांच्या प्रेमाला अन्यायाची अशीहि एक बाजू असते. हा घाव सोसून फेडरर पुढच्या जानेवारींत मेलबोर्नला खेळावयास आला, आणि टेनिस सँडग्रेन या अमेरिकन खेळाडूविरुद्ध पराभव एका गुणावर आला असतां तो त्यानें एकाच सामन्यांत सात वेळां परतविला.

निवृत्तीनंतर २०२४ मध्यें अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभांत त्यानें आपला हिशेब स्वतःच मांडला. १५२६ एकेरी सामन्यांपैकीं सुमारें ८० टक्के त्यानें जिंकले. पण त्या सामन्यांतील गुणांपैकीं त्याच्या वाट्याला आले केवळ ५४ टक्के. म्हणजे दर शंभर गुणांत सेहेचाळीस वेळां हा अजिंक्यवीर हरतच होता! गेलेला गुण मनांतून काढून टाकून पुढच्या चेंडूला ताज्या मनानें सामोरें जाणें, हीच त्याची खरी विद्या. शिवाय एकदां सुरू केलेला सामना त्यानें साऱ्या कारकीर्दींत एकदांहि अर्धवट सोडला नाहीं. पहिला प्रश्न अवघड आला कीं उरलेली उत्तरपत्रिका कोरी ठेवणारीं हुशार मुलें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांच्यापुढें ठेवण्यास याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

गुडघ्यानें मात्र अखेरीस दगा दिला. २०२१ च्या विम्बल्डनमध्यें ह्यूबर्ट हुर्काझनें त्याला शेवटच्या सेटमध्यें ६-० असें हरविलें. मग आणखी एक शस्त्रक्रिया झाली, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजीं त्यानें निवृत्ति जाहीर केली. शेवटचा सामना २३ सप्टेंबरला लंडनांत, लेव्हर चषकांत झाला. तो दुहेरीचा होता, आणि जोडीदार होता नदाल. चाळीस एकेरी सामन्यांत ज्यानें त्याला चोवीस वेळां हरविलें होतें तोच! हाहि सामना ते हरले. लंडनांत मध्यरात्र उलटली होती. आपल्याकडे पहांट होत आली होती. बांकावर दोघे शेजारीं शेजारीं बसले होते, आणि दोघांच्याहि डोळ्यांतून अश्रू वाहत होते. प्रतिस्पर्ध्याच्या निवृत्तीनें ज्याला रडूं येतें, त्यानें त्या प्रतिस्पर्ध्यापासून किती घेतलें असेल! पुढें नदालहि २०२४ च्या नोव्हेंबरांत मालागा येथें पराभव पत्करूनच निवृत्त झाला.

श्रोतेहो, निवृत्तीचा दिवस कोणालाच चुकत नाहीं. आमच्यासारख्या पेन्शनरांना मागल्या मानाचा हिशेब करीत बसण्याचा मोह फार होतो, आणि आपल्या जागीं आलेला माणूस आपल्याहून सरस निघाला कीं तें पाहवत नाहीं. फेडररनें आपला विक्रम दोघांनीं मोडलेला धडधडीत पाहिला, आणि त्या दोघांनाहि आपल्या निरोपाच्या सामन्यांस बरोबरीनें बोलावून घेतलें. त्या रात्रीं त्याच्याच संघाच्या बांकावर नदाल होता, तसा जोकोविचहि होता. वीस वर्षें आमच्या सायंकाळी आनंदाच्या करून हा माणूस गेला. त्याला उदंड आयुष्य लाभो, एवढीच सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.