पांढुर्णा-सौंसरचा परिसर आणि विद्यार्थ्यांचे संशोधन

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विषयाचा. 'कोणता विषय घेऊ?' असे विचारीत तो अध्यापकाकडे येतो आणि बहुधा एखाद्या प्रसिद्ध लेखकाचे 'जीवन व कार्य' किंवा एखाद्या वाङ्मयप्रकाराचा 'चिकित्सक अभ्यास' घेऊन परततो. असे प्रबंध होऊ नयेत असे नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या विद्यार्थ्यालाच शोधता येईल, असा प्रश्न त्याच्या घराच्या अंगणात पडून राहतो आणि तो मात्र दूरच्या ग्रंथालयातील पुस्तकांवरून आणखी एक पुस्तक तयार करीत बसतो, हे खेदाने नमूद करावे लागते. या दृष्टीने पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा परिसर विचारात घेण्याजोगा आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला हा मुलूख राज्याने मध्य प्रदेशातला, भाषेने बव्हंशी मराठी आणि व्यवहाराने नागपूरकडे तोंड केलेला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा नवा असला तरी त्याचा इतिहास नवा नाही आणि तो पुरता लिहिलाही गेलेला नाही.

या प्रदेशाविषयी आधुनिक पद्धतीचे लेखन प्रथम केले ते राज्यकर्त्यांनी आणि मिशनऱ्यांनी. नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्याविषयीचा अहवाल १८२७ सालचा. स्टीफन हिस्लॉप यांनी मध्यप्रांतातील आदिवासींविषयी जमविलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. छिंदवाडा जिल्ह्याचे गॅझेटियर आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये निघाले आणि रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने रसेल यांनीच सिद्ध केलेला मध्यप्रांतातील जाति-जमातींचा चतुःखंडात्मक ग्रंथ १९१६ मध्ये बाहेर पडला. या ग्रंथांचे मोल मोठे आहे. तथापि महसूल, बंदोबस्त आणि धर्मप्रसार यांच्या गरजांतून हे लेखन जन्मास आले होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले, त्या माणसांनी प्रश्न विचारले नव्हते. त्यांनी केवळ उत्तरे दिली होती.

स्वकीयांनी स्वभाषेत हे काम हाती घेतले ते त्यानंतर. बुलढाण्याचे यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले होते आणि १९३४ मध्ये विदर्भ संशोधन मंडळ निघाले. म. म. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानाने ताम्रपट आणि शिलालेख यांच्या वाचनाची शिस्त या प्रांतात रुजविली. सौंसरचा विद्यार्थी त्या काळी उच्च शिक्षणासाठी नागपुरास जाई. त्याचे घर, त्याची भाषा, त्याचे विद्यापीठ आणि त्याच्या गावाचे दप्तर ही सर्व एकाच प्रशासकीय छत्राखाली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ही स्थिती बदलली. राज्यपुनर्रचना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला होता. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठी भाषी सौंसर भागासह, नव्या मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळास गेली. या सीमारेषेचे राजकीय बरेवाईट परिणाम पुष्कळ चर्चिले गेले आहेत, पण तिचा संशोधनावरील परिणाम क्वचितच कोणी सांगितला. जुन्या मध्यप्रांताची कागदपत्रे काही नागपुरास, काही भोपाळास, तर काही जिल्ह्याच्या अभिलेखागारात, अशी विभागली गेली. येथील विद्यार्थ्याचा संबंध सागर-जबलपूरच्या विद्यापीठांशी जुळला आणि २०१९ मध्ये छिंदवाड्यासच विद्यापीठ निघाले. राजा शंकरशाह यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. घराजवळ विद्यापीठ आले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु महाराष्ट्रातील अभ्यासक हा प्रदेश 'परराज्यातला' म्हणून वगळतो आणि मध्य प्रदेशातील अभ्यासकास मोडी लिपी व मराठी साधने परकी वाटतात. या दुहेरी उपेक्षेत जे नाहीसे होत आहे, ते वाचविण्याचे सामर्थ्य आज तरी मुख्यतः तेथील विद्यार्थ्यांच्याच हाती आहे.

आता विषयांच्या व्याप्तीकडे वळू. प्राचीन इतिहासाचा विद्यार्थी येथे रिकाम्या हाताने परतणार नाही. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट पांढुर्ण्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे, तर त्याच राजाचा दुसरा ताम्रपट छिंदवाडा जिल्ह्यातील दुदिया येथला. शेजारच्या मुलताई आणि तिवरखेड येथे राष्ट्रकूट नन्नराजाचे ताम्रपट मिळाले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मिराशींचे मत होते. पुढे रामटेकजवळील मनसर येथे उत्खनने झाल्यावर अनेक विद्वानांनी प्रवरपूर म्हणजे मनसर, असा पक्ष मांडला. थोर विद्वानाचा सिद्धांतही नव्या पुराव्यापुढे फेरविचारास कसा खुला राहतो, याचा हा वस्तुपाठ विद्यार्थ्यास पुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक शिकवील. दानपत्रांत उल्लेखिलेल्या गावांच्या सीमा आजच्या शिवारांशी ताडून पाहणे हे काम तर त्या वाटा पायाखालच्या असणाऱ्यालाच साधेल.

मध्ययुगात हा मुलूख देवगडच्या गोंड राज्याच्या छायेत होता. देवगडच्या जाटबाचा उल्लेख अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त येतो. त्याच घराण्यातील बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले आणि पुढे भोसल्यांचा अंमल बसला. देवगड घाटावर आणि नागपूर मैदानात. सत्ता वरून खाली उतरली ती या परिसराच्या वाटांनी. परंतु आपले इतिहास देवगडावरून एकदम नागपुरात उडी घेतात आणि मधल्या गावांचे काय झाले, हे अनुत्तरित राहते. कोणत्या पाटलाला वतन कोणी दिले, कुणब्यांच्या आणि भोयर पवारांच्या वसाहती कोणत्या क्रमाने झाल्या, गोंड गावे कोठे मागे सरली, या प्रश्नांची सामग्री मोडी दप्तरांत आणि घराघरांतील जुन्या कागदांत शोधावी लागेल. ब्रिटिश बंदोबस्तात गावोगावच्या रूढी व हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदले जात. मालगुजारी कायद्याने नष्ट झाली, १९५१ मध्ये मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले आणि गावातील पाणी, चराई व जळण यांचे व्यवहार बदलले. हा बदल पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. ग्रंथ शंभर वर्षांनीही वाचता येतात, पण माणसाची स्मृती तितकी थांबत नाही.

भाषेच्या अभ्यासकास तर हा परिसर म्हणजे उघडलेली पोथीच होय. येथली बोली नागपुरी-वऱ्हाडीच्या जातीची आहे. प्रमाण मराठीतील 'मला-तुला' यांची येथे 'मले-तुले' अशी रूपे होतात. तिच्या शेजारी भोयर पवारांची बोली नांदते. तिचा संबंध ग्रियर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणात माळवीशी जोडला होता. उत्तरेस गोंडी आहे. शाळेची, कचेरीची आणि वृत्तपत्राची भाषा हिंदी. एकाच घरात आजी एका बोलीत, सून दुसऱ्या वळणाने आणि नातू तिसऱ्याच भाषेत बोलतो आणि तरीही संवाद चालतो. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० नंतर मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला चालविली, तिचा भर मुख्यतः किनारपट्टीच्या बोलींवर होता. सातपुड्याच्या पायथ्याचे तसे काम व्हावयास हवे. शेतीची अवजारे, संत्र्याच्या बागेतील कामे, बैलांचे रंग व खोडी, लग्नातील विधी यांचे शब्द गोळा करणे हे पदवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे आहे आणि विद्यावाचस्पतीच्या प्रबंधालाही ते पुरून उरेल. स्थलनामांचेही तसेच. मराठीत वस्तीच्या जागेस 'पांढरी' आणि शेतजमिनीस 'काळी' म्हणतात. पांढुर्णा या नावाची गावे विदर्भातही आढळतात. या नावाचा 'पांढरी'शी संबंध आहे काय, हे अंदाजाने ठरवू नये. सर्व गावांची जुनी नावे, भूमी आणि वस्तीचे स्थान तपासूनच ते ठरवावे.

परंतु संशोधन ही केवळ विद्वत्तेची हौस नव्हे, हे ज्या एका विषयावरून स्पष्ट होते, तो म्हणजे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. या प्रथेच्या मुळाशी दोन गावांतील तरुण-तरुणीच्या पलायनाची कथा सांगतात आणि वृत्तपत्रे प्रतिवर्षी तीच छापतात. ही कथा प्रथम कोणी व केव्हा नोंदविली, याचा शोध घेण्याची तसदी त्यांपैकी कोण घेते? कथा जुनी की प्रथा जुनी, हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि रोगराई-संकटे गावाबाहेर हाकलली जातात. दूर कुमाऊँमध्ये देवीधुरा येथे वाराही देवीच्या स्थानी राखी पौर्णिमेस दगडफेकीचा विधी होतो. या सर्वांत काही समान सूत्र आहे, की साम्य केवळ वरवरचे आहे? प्रशासनाने मनाईहुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण प्रथा थांबली नाही. जी गोष्ट आपण समजून घेतलेली नाही, ती केवळ हुकमाने बदलत नाही. जखमी कोण होतात, कोणत्या वस्तीतले, कोणत्या वयाचे, घरातील स्त्रिया याविषयी काय म्हणतात, हे शांतपणे विचारून नोंदविणारा एखादा स्थानिक विद्यार्थी प्रशासनास आणि गावास दोघांसही उपयोगी पडेल. येथे इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य आणि कायदा ही चारही शास्त्रे एकाच नदीपात्रात भेटतात.

अर्थशास्त्राचे आणि भूगोलाचे विषयही थोडके नाहीत. कापूस आणि संत्रे ही येथली पिके, पांढुर्ण्याची बाजारपेठ, नागपूर-इटारसी लोहमार्ग, छिंदवाडा-नागपूर ही २०१५ मध्ये बंद होऊन रुंद झालेली अरुंद रेल्वे आणि बोरगावचे औद्योगिक क्षेत्र यांनी येथील माणसाचे जीवन कसे घडविले, याचा हिशेब मांडावयाचा आहे. राज्याच्या सीमेपलीकडच्या बाजाराशी ज्यांचा भाव बांधलेला आहे, त्या शेतकऱ्याचा अभ्यास कोणत्याही मोठ्या शहरात बसून होणार नाही.

हे काम विद्यार्थ्यांस झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर म्हणून आयर्लंडचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून आणि शेजाऱ्यांकडून कथा, उपचार, रूढी आणि स्थलवार्ता लिहून घेतल्या. तो संग्रह सुमारे ७,४०,००० पानांचा झाला आणि आज तो त्या राष्ट्राचा ठेवा मानला जातो. त्या मुलांजवळ पदव्या नव्हत्या. त्यांच्या शिक्षकांजवळ प्रश्नांची नेटकी यादी आणि वहीची शिस्त होती. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर आपल्याकडे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची सोय झाली आहे. तिचा उपयोग करून घेणे हे अध्यापकांच्या हाती आहे.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. ऐकलेली गोष्ट कोणी, केव्हा, कोठे सांगितली याची नोंद असावी, परंतु सांगणाऱ्याच्या संमतीवाचून त्याचे नाव छापू नये. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरावेत, शुद्ध करून घेऊ नयेत. छापील ग्रंथातील मजकूर आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांची सरमिसळ होऊ देऊ नये. प्रबंध हिंदीत लिहावा लागला तरी मूळ मराठी, पवारी किंवा गोंडी सामग्री परिशिष्टात जशीच्या तशी द्यावी, म्हणजे पुढच्या अभ्यासकास ती पडताळता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काम पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत त्या गावी पोचावी. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांना ती कशी वाचली गेली हे पाहण्याचा अधिकार आहे.

जिल्हा नवा झाला की त्याचे गॅझेटियर निघते, नकाशे छापले जातात आणि कचेऱ्यांवर पाट्या लागतात. त्या जिल्ह्यातील माणसांची भाषा, त्यांचे व्यवहार, त्यांच्या श्रद्धा आणि त्यांची दुःखे कोणी नोंदवायची, हा प्रश्न मात्र शासनाने सुटणारा नाही. एके काळी जेंकिन्स, हिस्लॉप आणि रसेल यांनी तो आपल्या परीने सोडविला. आज त्यांच्या जागी त्याच गावांतील मुले-मुली महाविद्यालयाच्या बाकांवर बसलेली आहेत. विषयासाठी ती आपल्याकडे येतील, तेव्हा त्यांना ग्रंथालयाच्या कपाटाबरोबर त्यांच्या गावाची वाटही दाखविणे, हे अध्यापकांचे आणि साहित्यसंस्थांचे कर्तव्य होय.