नाव नसलेली थडगी

मृतांच्या दिनी, २ नोव्हेंबरला, आपण आपल्या माणसांच्या थडग्यांवरील नावे वाचतो. उमरेडशेजारच्या कुही तालुक्यात, पाचखेडी येथे, नाव नसलेली थडगी आहेत. मोठमोठ्या शिळांचे वर्तुळ, आत मुरूम-गोट्यांचा भराव आणि त्याखाली लोहयुगातील मृतांचे अवशेष.

नागपूर परिसरातील अशा शिळावर्तुळांचा आरंभीचा शोध घेणाऱ्यांत स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्याच टाकळघाट-खापा भागात डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये उत्खनन केले. नागपूरजवळच्या जुनापाणीला तर सुमारे तीनशे वर्तुळे नोंदली गेली. तेथील काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत.

हे खळगे भर दुपारच्या छायाचित्रात दिसत नाहीत. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्यांत सावली भरते, तेव्हाच ते उठून दिसतात. आपल्या दफनभूमीतील झिजलेल्या क्रूसांवरील अक्षरांचेही तसेच आहे. ती खडूने गिरवण्याची खोड मात्र वाईट. गिरवणारा बहुधा स्वतःच्या मनातलेच लिहितो, आणि दगड खराब होतो तो वेगळाच. आधी संपूर्ण वर्तुळ टिपावे, मग एकेक शिळा. शेजारी मोजपट्टी ठेवावी, उत्तर दिशा नोंदवावी. शेती आणि बांधकामे यांपायी कित्येक वर्तुळे मोडली आहेत. शिळा एकदा हलली, की तिची जागा जुन्या छायाचित्रातच शोधावी लागते.