बांधावरचं झाड: आज्ञापत्रापासून जेसीबीपर्यंत

उन्हाळा सरत आला की आपल्या शिवारात दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक पावशाचा, दुसरा जेसीबीचा. सावली पडते म्हणून बांधावरची चिंच काढायची, जांभूळ उपटायचं, रान सपाट करायचं. विचारलं तर उत्तर एकच, "झाडाचा काय फायदा?"

मंडळी, हा प्रश्न नवा नाही. तीनशे वर्षांपूर्वी तो थेट राज्यकारभारात आला होता.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. शिवरायांच्या राज्यनीतीचं सार म्हणून आपण ते वाचतो. आरमाराला लाकूड लागायचंच. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं. तरी त्यात बजावलंय की या झाडांना हात लावू नका. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झाड हवं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्या. तलवार हातात असलेलं राज्य शेतकऱ्याच्या आंब्यापुढे थांबत होतं!

पुढे इंग्रज आले. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर सरकारची जंगलावरची पकड आणखी घट्ट झाली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याचा हिशेब मांडला. थोडी जमीन असलेला शेतकरी पूर्वी उंबर-जांभळं खाऊन, पळस-मोहाची फुलं-पानं विकून अडचणीचे दिवस काढायचा. जंगल खात्याने तो आधारच काढून घेतला. म्हणजे फळझाड ही हौस नव्हती, तो गरिबाचा विमा होता.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली वृक्षतोडीवर नियंत्रणाचा कायदा आला. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं स्वतःच्या रानात असली तरी तोडायला परवानगी लागते. किती जण घेतात, ते तुम्हीच सांगा!

मग १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली. तिचं मोल मोठं आहे. कोरडवाहू माळावर डाळिंब, सीताफळ, बोर उभं राहिलं, घरं उभी राहिली. पण बाग एका वाणाची, सरळ ओळीतली झाली. घरच्या कोयीतून आलेल्या रायवळ आंब्यांची आमराई मात्र मागे पडली. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, प्रत्येक झाडाची चव वेगळी आणि नावही वेगळं. आज ती नावं किती पोरांना माहीत आहेत?

त्यात जमिनीचे तुकडे. १९७०-७१ ला राज्यात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ वर आली. एवढ्याशा रानात झाडाला जागा देणं जिवावर येतं, हे खरंच आहे.

पण झाडासोबत काय जातं, तेही बघा. जुन्या झाडाच्या ढोलीत गव्हाणी घुबड राहतं आणि रानातले उंदीर खातं. राखी धनेशाचं घरटंही ढोलीतच. कोतवाल फांदीवरून झेपावून किडे टिपतो. आंब्याच्या मोहोरावर फळधारणेचं बरंचसं काम साध्या माश्या करतात, आणि आपण ऐन मोहोरात औषध फवारतो. फळं खाणारी वटवाघळं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदरांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवली होती. खरं तर जांभूळ, उंबर, वडाचं बी रानोमाळ पेरणारा हा बिनपगारी माळी. २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवी यादीच रद्द झाली. म्हणजे कायदा बदलला, आता आपण बदलायचं.

सगळं रान झाडाखाली घाला असं कोण म्हणतंय? घरामागचे दोन-तीन गुंठे पुरेत. एक रायवळ आंबा, एक जांभूळ, दोन सीताफळं, एक पेरू, कोपऱ्यात शेवगा, कुंपणाला करवंद. खड्डे आत्ताच घ्या, उन्हात तापू द्या, पाऊस स्थिरावला की लावा. एका सावलीत पसरट भांड्यात पाणी ठेवा. शेंड्यावरची चार फळं पाखरांची म्हणून सोडा. झाड बांधावर लावणार असाल तर आधी शेजाऱ्याला विचारा, नाहीतर पुढची पिढी कोर्टात भेटायची!

आणि जुनं झाड उभं असेल, तर जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी एवढंच आठवा. ते तुम्ही लावलेलं नाही. ज्यांनी लावलं, त्यांना त्याची सावलीही धड मिळाली नसेल.

तुमच्या गावात रायवळ आंब्यांची कोणती नावं होती? कमेंटमध्ये लिहा. निदान यादी तरी वाचवू.